परक्या शहरातले आपले सरकार

रत्नागिरीकडचा एखादा सुतार शारजातल्या बांधकामावर छातीत कळ येऊन जातो. गावी फोन येतो, घर रडून थकते आणि मग एकच प्रश्न उरतो: माणूस घरी कधी येणार? तिथून कागदांची धावपळ सुरू होते. इस्पितळाचा दाखला, पोलिसांचे ना-हरकत पत्र, तिथल्या आरोग्य खात्याचा मृत्यूचा दाखला, तो अरबीत असेल तर त्याचे इंग्रजी भाषांतर. गावाकडून संमतिपत्र लागते. मृतदेह भारतात आणायचा की अंत्यसंस्कार तिथेच करायचे, आणि वारसांच्या वतीने कागदांवर सही कोण करणार, हे त्यात लिहावे लागते. ही सगळी चळत दुबईतील भारताच्या महावाणिज्य दूतावासात पोहोचते, कारण शारजा त्याच्या कार्यक्षेत्रात येते. तिथला अधिकारी मृत्यूची नोंद करतो, पासपोर्ट रद्द करतो आणि मृतदेह नेण्याचे पत्र देतो. मग शवलेपन, शवपेटी आणि विमानाच्या मालवाहू भागात जागा.

खर्च मालकाने करावा अशी अपेक्षा असते. पण मालक हात वर करतो, किंवा कंपनीच बुडालेली असते. अशा वेळी भारतीय समुदाय कल्याण निधीतून पैसे दिले जातात. २००९ साली सुरू झालेला हा निधी मुख्यतः दूतावासांच्या खिडकीवर जमा होणाऱ्या छोट्या अधिभारातून उभा राहतो. पासपोर्टचे नूतनीकरण करायला आलेला एक अनिवासी भारतीय जे थोडेसे जास्तीचे पैसे भरतो, ते कुणा अनोळखी गाववाल्याला घरी आणायला उपयोगी पडतात. परदेशातल्या भारतीयांनी एकमेकांसाठी केलेली ही तरतूद फार थोड्यांना ठाऊक आहे.

राजदूताचे काम वेगळे. तो राजधानीत बसतो आणि त्या देशाच्या सरकारशी आपल्या सरकारच्या वतीने बोलतो. वाणिज्य दूत, म्हणजे कॉन्सुल, जिथे आपली माणसे आणि आपला व्यापार असतो तिथे बसतो. म्हणून एका देशात दूतावास एकच असतो, पण वाणिज्य दूतावास अनेक असू शकतात. अमेरिकेत भारताचा दूतावास वॉशिंग्टनमध्ये आहे, आणि न्यूयॉर्क, शिकागो, ह्यूस्टन, सॅन फ्रान्सिस्को अशा शहरांत वाणिज्य दूतावास. मुंबईत ब्रिटनचे कार्यालय मात्र ‘डेप्युटी हाय कमिशन’ म्हणून ओळखले जाते, कारण राष्ट्रकुलातल्या देशांनी आपसांत ‘हाय कमिशन’ हे नाव ठेवले. खिडकीवरचे काम बरेचसे तेच.

१९६३ साली व्हिएन्ना येथे वाणिज्यदूतीय संबंधांचा आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याच्या पाचव्या कलमात या कामांची १३ पोटकलमे आहेत. पासपोर्ट आणि व्हिसा तर आहेतच. शिवाय नोटरीचे काम, जन्ममृत्यूची नोंद, अज्ञान मुलांच्या हिताची काळजी, वारसाहक्काच्या प्रकरणांत मदत, परक्या बंदरात अडकलेल्या आपल्या जहाजाची आणि खलाशांची विचारपूस, व्यापाराला चालना. भारताच्या १९६९ च्या परदेशी विवाह कायद्यानुसार वाणिज्य दूत विवाह अधिकारी म्हणून लग्नही लावू शकतो. परदेशात जन्मलेल्या बाळाला भारतीय नागरिकत्व हवे असेल तर जन्मानंतर एका वर्षाच्या आत तिथल्या भारतीय दूतावासात नोंद करावी लागते. ही मुदत हुकली की केंद्र सरकारची परवानगी मागत बसावे लागते. जेद्दाच्या वाणिज्य दूतावासाला वर्षाचे काही आठवडे भलतेच काम पडते. लाखाहून अधिक भारतीय हाजी तिकडे येतात. हरवलेला वृद्ध, बिघडलेली तब्येत, राहण्याच्या जागेची तक्रार, सगळ्यांची दाद तिथेच लागते.

हे सगळे होण्याआधी एक गोष्ट लागते: ज्या देशात बसायचे त्याची संमती. नेमणूक करणारे सरकार सनद देते, पण यजमान देशाने ती मान्य करून कामाचा परवाना दिला तरच दूत अधिकृतपणे काम सुरू करू शकतो. परवाना नाकारताना कारण सांगायचे बंधनही त्या देशावर नाही. भारताच्या इतिहासातच याचा ठळक नमुना आहे. १७९२ च्या नोव्हेंबरात जॉर्ज वॉशिंग्टन यांनी बेंजामिन जॉय या बोस्टनच्या व्यापाऱ्याला कलकत्त्याचा कॉन्सुल म्हणून नेमले. दीडेक वर्षाने जॉय कलकत्त्याला पोहोचला, तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारने त्याला कॉन्सुल मानायला नकार दिला. व्यापारी प्रतिनिधी म्हणून राहा, पण आमच्या दिवाणी-फौजदारी कायद्याच्या अंमलाखाली, असे त्याला सांगण्यात आले. अध्यक्षांची सही असलेली सनद खिशात असूनही तो तिथे एक परदेशी व्यापारीच राहिला.

परक्या देशात पोलिसांनी धरले, भाषा येत नाही, वकील कोण ते ठाऊक नाही, अशा वेळी १९६३ च्या कराराचे छत्तिसावे कलम कामी येते. ते म्हणते की पकडलेल्या परदेशी माणसाला, ‘तुझ्या देशाच्या वाणिज्य दूताला कळवू का’ हे विलंब न लावता सांगायला हवे. त्याने हो म्हटले की कळवायला हवे. आणि वाणिज्य दूताला तुरुंगात जाऊन त्याला भेटण्याचा, बोलण्याचा, पत्रव्यवहाराचा आणि वकील मिळवून देण्याचा हक्क आहे. दूत माणसाला तुरुंगातून सोडवून आणू शकत नाही, गुन्ह्याचा तपास करू शकत नाही, न्यायाधीशाला काही सांगू शकत नाही. त्याच्या हाती फक्त भेट असते. पण ती भेट वेळेवर झाली तर खटल्याचे पुढचे सगळे वळण बदलू शकते.

वॉल्टर आणि कार्ल लाग्रँड या भावांच्या बाबतीत ती भेट झालीच नाही. दोघे जर्मन नागरिक, पण लहानपणीच अमेरिकेत आलेले. १९८२ मध्ये ॲरिझोनातील एका बँकेवर दरोडा घालताना खून झाला आणि दोघांना मृत्युदंडाची शिक्षा झाली. जर्मन दूताला कळवण्याचा हक्क आहे, हे त्यांना कोणी सांगितले नाही. जर्मनीला प्रकरण कळले ते १९९२ मध्ये, तेही त्या भावांकडूनच. फेब्रुवारी १९९९ मध्ये कार्लला मृत्युदंड दिला गेला. वॉल्टरची शिक्षा थांबवा, असा आदेश हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने दिला, तरी ३ मार्चला ॲरिझोनाने त्यालाही मृत्युदंड दिला. २००१ मध्ये न्यायालयाने स्पष्ट सांगितले की छत्तिसाव्या कलमाने मिळणारा हक्क केवळ देशाचा नाही, पकडलेल्या माणसाचाही आहे. दोन्ही भाऊ तोवर गेलेले होते, पण पुढच्या प्रत्येक खटल्याचा पाया या निकालाने घातला.

त्याच पायावर उभे राहून भारताने २०१७ मध्ये कुलभूषण जाधव यांचे प्रकरण हेगला नेले.

निवृत्त नौदल अधिकारी जाधव यांना पाकिस्तानने ३ मार्च २०१६ रोजी पकडल्याचे जाहीर केले. बलुचिस्तानात हेरगिरी करताना पकडले, असे पाकिस्तानचे म्हणणे. इराणातून पळवून आणले, असे भारताचे. भारताला अटकेची खबर मिळाली २५ मार्चला, म्हणजे तीन आठवड्यांनी. त्याच दिवशी भारताने भेटीची परवानगी मागितली आणि पुढे अनेकदा मागितली. मिळाली नाही. एप्रिल २०१७ मध्ये पाकिस्तानच्या लष्करी न्यायालयाने फाशी सुनावली. महिन्याभरात भारत हेगला पोहोचला. भारताची बाजू मांडली नागपुरात वाढलेल्या हरीश साळवे यांनी, एक रुपया मानधनावर.

हेगला मुख्य सुनावणी सुरू व्हायची असताना, २०१७ च्या नाताळच्या दिवशी जाधव यांची आई आणि पत्नी इस्लामाबादला त्यांना भेटल्या. या भेटीचा तपशील भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाने दुसऱ्या दिवशी जाहीर केला, आणि तो वाचताना मराठी माणसाच्या घशात आवंढा येतो. मध्ये काच होती. भेटीआधी दोघींची मंगळसूत्रे, बांगड्या आणि टिकल्या काढायला लावल्या. पत्नीची पादत्राणे परत दिली नाहीत. आई मुलाशी मराठीत बोलू लागली तेव्हा तिला पुन्हा पुन्हा अडवण्यात आले. सोबत आलेल्या भारतीय उप उच्चायुक्तांना एका वेगळ्या पडद्यामागे बसवण्यात आले. या भेटीला वाणिज्यदूतीय भेट म्हणता येणार नाही, हे भारताचे म्हणणे तेव्हाही होते आणि ते बरोबरच होते. ज्या भेटीत आपला माणूस आपल्या भाषेत मोकळेपणी काही सांगू शकत नाही, तिचा तुरुंगातल्या माणसाला उपयोग काय?

१७ जुलै २०१९ रोजी न्यायालयाने १५ विरुद्ध १ मतांनी भारताच्या बाजूने निकाल दिला. हेरगिरीचा आरोप असला तरी छत्तिसावे कलम लागू होते, तीन आठवड्यांनी कळवणे म्हणजे ‘विलंब न लावता’ कळवणे नव्हे, आणि शिक्षेचा परिणामकारक फेरविचार व्हावा, असे न्यायालय म्हणाले. भारताने मागितलेली सुटका मात्र दिली नाही. २ सप्टेंबर २०१९ रोजी भारतीय अधिकाऱ्याची पहिली भेट झाली. पुढच्या वर्षी जुलैमध्ये दुसरी भेट ठरली, तेव्हा मोकळेपणी बोलू दिले जात नाही म्हणून भारतीय अधिकारी निषेध नोंदवून निघून आले. जाधव अजून पाकिस्तानच्या तुरुंगात आहेत. आंतरराष्ट्रीय कायद्याची ताकद आणि त्याची मर्यादा एकाच प्रकरणात इतक्या स्पष्टपणे क्वचितच दिसतात.

जाधव यांचे नाव घरोघरी पोहोचले. पालघर जिल्ह्यातल्या खलाशांची नावे कुठे पोहोचत नाहीत. डहाणू-तलासरीकडची आदिवासी मुले ओखा, पोरबंदर, वेरावळच्या मच्छीमार बोटींवर कामाला जातात. बोट सागरी सीमेच्या जवळ भरकटली की पाकिस्तानच्या सागरी सुरक्षा दलाच्या हाती लागते आणि खलाशी कराचीच्या मलीर तुरुंगात जातात. २००८ साली दोन्ही देशांनी केलेल्या करारानुसार दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला एकमेकांच्या कैद्यांच्या याद्यांची देवाणघेवाण होते. अटकेपासून तीन महिन्यांच्या आत वाणिज्यदूतीय भेट मिळावी, आणि शिक्षा संपून राष्ट्रीयत्व पक्के झाल्यावर महिन्याभरात सुटका व्हावी, असेही त्यात लिहिलेले आहे.

राष्ट्रीयत्व पक्के होणे म्हणजे काय? अधिकारी तुरुंगात समोर बसून नाव, बापाचे नाव, गाव, पाडा, शाळा, अंगावरची खूण लिहून घेतो. तो कागद दिल्लीला येतो, तिथून राज्याकडे, तिथून पोलीस ठाण्याकडे. पोलीस पाड्यावर जाऊन विचारतात, हा तुमचा का? घरचे हो म्हणतात. मग तोच कागद उलट वाटेने परत जातो. एका नावाचे स्पेलिंग चुकले तरी फाइल अडकते. कराचीत पूर्वी भारताचा वाणिज्य दूतावास होता, तो १९९४ मध्ये बंद झाला. आता भेटीला अधिकारी इस्लामाबादहून जातात, हजाराहून अधिक किलोमीटर. दोन सरकारांच्या भांडणात बंद झालेल्या त्या दूतावासाची किंमत ज्यांना बसते त्यांनी ते भांडण कधी पाहिलेलेही नाही, आणि म्हणून हा दूतावास उघडण्याचा विषय दोन्ही देशांच्या चर्चेत यायला हवा असे वाटल्याशिवाय राहत नाही.

तुरुंगातल्या माणसाला भेटायला जाणाऱ्या वाणिज्य दूताला स्वतःला मात्र राजदूतासारखे संपूर्ण संरक्षण नसते. राजदूताला यजमान देश कोणत्याही परिस्थितीत अटक करू शकत नाही. कॉन्सुलला गंभीर गुन्ह्यासाठी न्यायालयाच्या आदेशाने अटक होऊ शकते, आणि कायद्याच्या कक्षेतून सूट मिळते ती अधिकृत कामापुरतीच. हा फरक भारताला १२ डिसेंबर २०१३ रोजी तीव्रतेने जाणवला. न्यूयॉर्कमधील उप महावाणिज्य दूत देवयानी खोब्रागडे यांना अटक झाली. आरोप होता घरकामगार महिलेच्या व्हिसाच्या अर्जात पगाराची खोटी माहिती दिल्याचा. अटकेनंतर त्यांची कपडे उतरवून झडती घेतल्याने भारतात संताप उसळला. दिल्लीत अमेरिकन दूतावासासमोरचे सुरक्षा अडथळे हटवण्यात आले, अमेरिकन वाणिज्य दूतांची ओळखपत्रे परत मागवली गेली. भारताने खोब्रागडे यांची बदली न्यूयॉर्कमधील संयुक्त राष्ट्रांच्या कायम प्रतिनिधी कार्यालयात केली, कारण तिथल्या पदाला पूर्ण राजनैतिक संरक्षण असते. ८ जानेवारी २०१४ ला ते मिळाले, दुसऱ्या दिवशी आरोपपत्र आले आणि त्या भारतात परतल्या. मार्चमध्ये न्यायाधीशांनी ते आरोपपत्र रद्द केले, कारण ते दाखल झाले तेव्हा त्यांना संरक्षण होते. दोन दिवसांत सरकारी पक्षाने नवे आरोपपत्र आणले. एकाच शहरातल्या दोन कार्यालयांतल्या टेबलांमध्ये कायद्याच्या दृष्टीने केवढे अंतर असते! आणि या गदारोळात त्या घरकामगार महिलेच्या तक्रारीचा विषय फारच कमी लोकांच्या लक्षात राहिला, हेही नोंदवायला हवे.

यजमान देशाने दूताच्या जिवाची काळजी घ्यायची असते, असे करार सांगतो. पण ती पुरी पडतेच असे नाही. पुण्यात मुठेवरच्या म्हात्रे पुलावरून रोज हजारो गाड्या जातात. त्या पुलाला ज्यांचे नाव आहे ते रवींद्र म्हात्रे बर्मिंगहॅममधील भारतीय कार्यालयात अधिकारी होते. ३ फेब्रुवारी १९८४ च्या संध्याकाळी मुलीच्या वाढदिवसाचा केक घेऊन घरी जात असताना काश्मिरी फुटीरतावाद्यांनी त्यांना पळवले. आपला नेता मकबूल भट याला तुरुंगातून सोडा आणि दहा लाख पौंड द्या, अशी मागणी आली. मग त्यांना गोळ्या घालून मारण्यात आले. ११ फेब्रुवारीला भटला तिहारमध्ये फाशी झाली. पासपोर्ट आणि दाखल्यांच्या फायली सांभाळणारा माणूस परदेशात आपल्या देशाचा सगळ्यात सहज हाती लागणारा प्रतिनिधी असतो, आणि म्हात्रे यांनी त्याची किंमत मोजली.

सही आणि शिक्का किती मोठे ठरू शकतात, हे १९४० च्या उन्हाळ्यात लिथुआनियातील कौनास शहरात दिसले. पोलंडमधून पळून आलेल्या हजारो ज्यूंना कुठेतरी जायचे होते, पण कोणताच देश दार उघडत नव्हता. नेदरलँड्सचा तिथला मानद कॉन्सुल यान झ्वार्तेंडाइक हा मूळचा फिलिप्स कंपनीचा माणूस. मानद कॉन्सुल म्हणजे बहुधा त्या शहरात राहणारा व्यापारी किंवा व्यावसायिक, जो आपला उद्योग सांभाळून दुसऱ्या देशाचे हे काम करतो. झ्वार्तेंडाइकने पासपोर्टांवर लिहून दिले की नेदरलँड्सच्या ताब्यातल्या क्युरासाव बेटावर जायला व्हिसा लागत नाही. तिथे उतरायला गव्हर्नरची परवानगी लागते, हे वाक्य त्याने लिहिलेच नाही. आता शेवटचा मुक्काम कागदावर होता. हवी होती ती जपानमार्गे जाण्याची परवानगी. जपानचा उपकॉन्सुल चिउने सुगिहारा याने टोकियोला तीनदा विचारले आणि तीनदा नकार आला. तरी त्याने हाताने व्हिसा लिहायला सुरुवात केली, दिवसच्या दिवस, आणि दोन हजारांहून अधिक व्हिसा दिले. एका व्हिसावर सगळे कुटुंब जाऊ शके. सोव्हिएत सत्तेने दूतावास बंद करायला लावले, तेव्हा स्थानकावर गाडीत बसल्यावरही तो कागद देत राहिला. ती माणसे रेल्वेने व्लादिवोस्तोकला, तिथून जहाजाने जपानच्या त्सुरुगा बंदरात उतरली. १९४७ मध्ये सुगिहाराची नोकरी गेली. नियमातल्या एका फटीतून कागद काढून त्यावर विश्वासाने शिक्का मारणाऱ्या या दोघांचे काम वाणिज्य दूताच्या पेशातले सगळ्यात थोर काम म्हणावे लागेल.

संकटात सरकारनेच हे काम हजारपटीने करण्याचा अनुभव भारताला १९९० मध्ये आला. इराकने कुवेत गिळल्यावर अडकलेल्या भारतीयांना जॉर्डनमधील अम्मानमार्गे आणण्यात आले. पासपोर्ट मालकाकडे अडकलेले, बँका बंद. एअर इंडियाने ५९ दिवसांत ४८८ उड्डाणांतून लाखाहून अधिक माणसे आणली.

गोव्यात वाणिज्य दूतावासाचा अर्थ आणखी निराळा आहे. १९६१ पूर्वी गोवा, दमण, दीवमध्ये जन्मलेल्यांना पोर्तुगाल आपले नागरिक मानतो, आणि त्यांची मुले-नातवंडेही तो हक्क सांगू शकतात. १९७४ च्या अखेरीस पोर्तुगालने गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले, पण नागरिकत्वाचा हा धागा तसाच राहिला. १९९४ मध्ये पणजीत पोर्तुगालचा वाणिज्य दूतावास सुरू झाला, आणि तिथे अर्जदारांची रीघ लागली ती आजतागायत. जन्माची नोंद लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कार्यालयात झाली पाहिजे. त्यासाठी आजोबांच्या जन्माच्या पोर्तुगीज काळातल्या नोंदी काढाव्या लागतात, आणि तिथे खरा गोंधळ होतो. प्रभूंचे नाव ‘पोरोबो’, कामतांचे ‘कामोतिम’ असे लिहिलेले. बापाचे नाव एका कागदात एक, दुसऱ्यात दुसरे. मग न्यायालयाचा निवाडा, दुरुस्तीचे दाखले, साक्षांकन, भाषांतर. वकिलांचा एक मोठा वर्ग या कामावर जगतो.

भारतीय कायद्यात दुहेरी नागरिकत्व नाही, त्यामुळे पोर्तुगीज झालेल्या गोवेकराचे भारतीय नागरिकत्व संपते आणि पासपोर्ट परत करावा लागतो. अनेकांनी तो वेळेवर परत केला नाही, पासपोर्ट रद्द झाले, आणि परदेशस्थ भारतीय नागरिक कार्ड, म्हणजे ओसीआय, मिळवण्याचा मार्ग अडला. २०२४ च्या एप्रिलमध्ये परराष्ट्र मंत्रालयाने पासपोर्ट रद्द झाल्याचे प्रमाणपत्रही ओसीआयसाठी चालेल असे जाहीर केल्यावर बऱ्याच कुटुंबांना मोकळा श्वास घेता आला. यांतले पुष्कळजण पोर्तुगालला कधी राहिलेच नाहीत. पोर्तुगीज पासपोर्टच्या जोरावर ते ब्रिटनला गेले, आणि स्विंडनसारख्या शहरात गोवेकरांची मोठी वस्ती झाली. तिथे एखाद्या गोवेकर कामगाराला पोलिसांनी पकडले, तर छत्तिसाव्या कलमाखाली खबर पोर्तुगालच्या वाणिज्य दूताला जाते. मडगावात राहणाऱ्या आईला फोन करून कळवायचे तर ते त्याच्या ओळखीच्या लोकांनीच करायचे. भारतीय दूतावासाच्या खिडकीवर तो पोहोचतो तो ओसीआय कार्डाच्या कामासाठी.